पॉझिटिव्हच्या पुढचा रकाना

प्रति,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, मिरज,
मा. अधिष्ठाता, शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, सातारा,
मा. अधिष्ठाता, कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय, कराड,
तसेच सांगली व सातारा जिल्ह्यांचे मा. जिल्हा शल्यचिकित्सक आणि मा. जिल्हा आरोग्य अधिकारी

विषय : दोन्ही जिल्ह्यांतील कावीळ ब विषाणूच्या जनुकप्रकारांची नोंद ठेवण्याबाबत

सप्रेम नमस्कार,

विट्यात माझी छोटी तपासणी लॅब आहे. ऑपरेशनआधीचे पेशंट येतात, बाळंतपणाच्या तपासण्या येतात. आखातात नोकरीला निघालेली पोरं धास्तीने आधी इथेच रक्त देऊन जातात, कारण तिकडच्या मेडिकलमध्ये कावीळ ब निघाली तर व्हिसा अडतो. (लॅब तंत्रज्ञाची डीएमएलटी पदविका असलेल्याने रिपोर्टवर सही करावी की नाही, हा वाद इथे नको. माझ्याकडचे रिपोर्ट पॅथॉलॉजिस्टच्या सहीनेच जातात.) कार्डावर दुसरी रेघ उमटते, एलायझा या पुढच्या तपासणीने खात्री होते, रिपोर्टवर ‘पॉझिटिव्ह’ ठळक टाइप होतं आणि उरलेलं सीरम (रक्ताचा निवळ भाग) हायपोच्या, म्हणजे जंतुनाशकाच्या, बादलीत जातं. लॅब सरकारी असो की खासगी, बहुतेक ठिकाणी शेवट हाच. हे पत्र त्या बादलीत जाणाऱ्या सीरमबद्दल आहे.

मागणं असं : आपल्या भागात कावीळ ब चे जे रुग्ण सापडतात, त्यांतल्या निदान काहींच्या विषाणूचा जनुकप्रकार त्यांच्या संमतीने आपल्या महाविद्यालयांनी तपासावा आणि नोंदवून ठेवावा. पेशंटच्या खिशातून पैसे काढून नव्हे, जिल्ह्याची माहिती म्हणून.

आपल्यासारख्यांना विषाणू समजावून सांगण्याचा आगाऊपणा मी एरवी केला नसता. पण पत्र खुलं आहे, वाचणाऱ्यांत आशाताई असतील, माझ्यासारखे लॅबवाले असतील, पेशंटही असतील. लोक ज्याला पांढरी कावीळ म्हणतात, तिचा विषाणू एकसारखा नसतो. त्याचा डीएनए जेमतेम ३२०० अक्षरांचा, म्हणजे करोनाच्या जनुकसंचाच्या साधारण नवव्या हिश्श्याएवढा. त्यातही एकाच मजकुरावर दोन-दोन जनुकं एकमेकांवर चढलेली. स्वतःची नक्कल करताना तो मध्ये आरएनएची पायरी घेतो आणि तिथे झालेली चूक तपासायला त्याच्याकडे कुणी नाही. म्हणून डीएनएचा विषाणू असूनही तो बऱ्यापैकी बदलत राहतो. संपूर्ण जनुकसंचात साधारण आठ टक्क्यांहून जास्त फरक पडला की वेगळा जनुकप्रकार धरतात. ए पासून जे पर्यंत असे दहा प्रकार मांडले गेलेत, त्यांतले शेवटचे दोन अजून तात्पुरते मानले जातात. प्रत्येकात पुन्हा उपप्रकार. एका आडनावाच्या गावात चार भावक्या असाव्यात, तसे. आणि प्रत्येकाचा मुलूख ठरलेला आहे : बी आणि सी पूर्व आशियात, ई पश्चिम आफ्रिकेत, एफ आणि एच अमेरिका खंडांत. भारतात डी सगळ्यांत जास्त, त्याखाली ए, आणि बंगाल व ईशान्येकडे सरकलं की सी ची भर पडते.

पश्चिम भारताबद्दल पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेतल्या संशोधकांनी २००३ साली अभ्यास प्रसिद्ध केला. त्यांना प्रामुख्याने डी आणि ए हेच प्रकार सापडले, आणि प्रकार व आजाराची तीव्रता यांचा ठळक संबंध दिसला नाही. माझ्या मागणीला अडचणीचा वाटावा असा हा निष्कर्ष आहे, म्हणूनच तो आधी सांगून टाकला. उत्तर भारतातल्या कामाने तर गोंधळच वाढवला. २००२ च्या एका अभ्यासात डी जास्त त्रासदायक ठरला, २००५ च्या दुसऱ्या अभ्यासात ए. मला यातून इतकंच कळतं की एका गावच्या पेशंटवरून काढलेला निष्कर्ष दुसऱ्या गावाला लावता येत नाही. लोकसंख्या वेगळी, लागण होण्याचं वय वेगळं, उपप्रकार वेगळे, बरोबर दारू किंवा दुसरा आजार असण्याचं प्रमाण वेगळं. सांगली-साताऱ्याबद्दल बोलायचं तर सांगली-साताऱ्यातलंच सीरम पाहावं लागेल.

आणि आपला भाग साधा नाही. खानापूर, आटपाडी, तासगाव, कवठेमहांकाळ, पलीकडे माण, खटाव. या दुष्काळी पट्ट्यातली माणसं गलाईच्या धंद्यात देशभर पांगलेली आहेत. केरळ-तमिळनाडूपासून बिहार-बंगालपर्यंत सोन्या-चांदीची आटणी करणारा माणूस विचारा, त्याचं गाव विट्याच्या आसपासच निघायचं. माझ्या नात्यातली अर्धी घरं वर्षातून एकदा, यात्रेला, उघडतात. पाटण, जावळीची माणसं पिढ्यान्‌पिढ्या मुंबईत माथाडी. अपशिंग्यासारख्या गावातून घरटी फौजी, म्हणजे पुन्हा देशभर बदल्या. उलट बाजूने ऊसतोडीच्या हंगामात बीडकडच्या टोळ्या कारखान्यांवर उतरतात, एमआयडीसीत उत्तर प्रदेश-बिहारची पोरं येतात. दोन जिल्ह्यांत इतक्या दिशांनी माणसं जातात-येतात आणि आपण गृहीत धरून बसलोय की ‘पश्चिम भारतात डी आणि ए’ एवढं वाक्य पुरे. कोलकात्यात ए, सी आणि डी हे तिन्ही प्रकार सापडतात. तिथे वीस वर्षं काढून परतलेल्या आमच्या गलाईवाल्याला सी ची लागण असेल, तर ते त्याच्या डॉक्टरला कळायला नको का? सी मध्ये ई अँटिजेन (विषाणू रक्तात सोडतो ते एक प्रथिन, ई जनुकप्रकाराशी त्याचा संबंध नाही) जायला उशीर लागतो आणि लिव्हरच्या कॅन्सरचा धोका जास्त असतो, हे तर आता वादाचं राहिलेलं नाही.

त्या ई अँटिजेनवर मला जरा थांबायचं आहे. गावपातळीवर पेशंटचं सगळ्यांत जास्त नुकसान इथे होतं, असं माझं मत आहे. पॉझिटिव्ह पेशंटला पुढची तपासणी म्हणून एचबीईएजी, म्हणजे या ई अँटिजेनची तपासणी, सांगतात. ती निगेटिव्ह आली की ‘विषाणू झोपलाय, काळजी करू नका’ म्हणून घरी पाठवतात. पुष्कळदा ते खरंही असतं. पण डी प्रकारात एक बदल वारंवार दिसतो : १८९६ व्या जागी डीएनएच्या जी अक्षराचं ए होतं (ही जनुकप्रकारांची नावं नव्हेत), तिथे वाक्य अर्धवट तुटतं आणि ई अँटिजेन तयार व्हायचं थांबतं. विषाणू मात्र थांबत नाही. तो वाढत राहतो, लिव्हर झिजत राहतं आणि रिपोर्टवर ‘निगेटिव्ह’ लिहिलेलं असतं. ए प्रकारात बहुधा हा बदल सहज टिकत नाही, कारण त्याच्या समोरच्या जोडीचं अक्षरच वेगळं असतं. आपल्याकडे डी जास्त असेल (आणि बहुतेक असणार), तर ई निगेटिव्ह रिपोर्टला किती वजन द्यायचं, हा आपल्या प्रत्येक तालुक्यातल्या डॉक्टरचा रोजचा प्रश्न आहे. एसजीपीटी (लिव्हरची इजा दाखवणारी तपासणी) आणि विषाणूचा डीएनए मोजल्याशिवाय अशा पेशंटला सोडू नका, असं जिल्ह्याच्या स्वतःच्या आकड्यांनिशी सांगणारा एक कागद निघाला, तर तो कुठल्याही परिसंवादापेक्षा जास्त कामाचा ठरेल.

याच बदलाने काय होऊ शकतं ते गुजरातने पाहिलं. २००९ च्या सुरुवातीला मोडासा भागात (तेव्हा साबरकांठा जिल्हा, आता अरवली) कावीळ ब ची साथ आली. कावीळ ब ची साथ ही गोष्टच विचित्र, कारण हा आजार पाण्यातून किंवा अन्नातून पसरत नाही. वापरलेल्या सिरिंज पुन्हा वापरल्या जात होत्या. चारशेहून जास्त लोक आजारी पडले, ऐंशीहून जास्त गेले. एरवी मोठ्या माणसाला नवी लागण झाली तर बहुसंख्य लोक आपोआप बरे होतात, मग इथे इतके मृत्यू का? पुण्याच्याच संस्थेने नमुने तपासले तेव्हा दगावलेल्यांचा संबंध याच बदललेल्या विषाणूशी जुळला. नमुने ठेवले गेले, वाचले गेले, म्हणून हे कळलं. आपल्याकडेही सुई टोचल्याशिवाय डॉक्टरने नीट तपासलं असं न मानणारे पेशंट आहेत आणि त्यांची हौस पुरवणारेही आहेत. म्हसवडच्या, पालीच्या यात्रेत गोंदवून घ्यायला गर्दी होते, त्या यंत्राची सुई माणसागणिक बदलते का, कुणी पाहत नाही. उद्या एखाद्या गावात एकदम पाच-सहा पेशंट निघाले, तर त्यांचे विषाणू एकाच सुईतून आलेत की वेगवेगळ्या वाटांनी, हे सांगायला आधीची नोंद हाताशी लागते. साथ आल्यावर नोंद सुरू करून उपयोग नाही.

आता एक गोष्ट जी खास सांगलीची आहे. महाराष्ट्रात एचआयव्हीचा भार जास्त असलेल्या जिल्ह्यांत एकेकाळी सांगलीचं नाव वरचं होतं. देशात मोफत एआरटी (एचआयव्हीवरचे औषधोपचार) २००४ मध्ये सुरू झाली, तेव्हाच्या गोळ्यांमध्ये लॅमिव्ह्युडिन हे औषध होतं, पण कावीळ ब वरही चालणारं टेनोफोव्हिर बहुतेकांना मिळत नव्हतं. तेव्हाच्या त्या गोळ्यांतलं एकटं लॅमिव्ह्युडिनच कावीळ ब वर चालतं. म्हणजे ज्यांना दोन्ही आजार होते, त्यांच्या कावीळ ब वर वर्षानुवर्षं नकळत एकाच औषधाचा मारा झाला. आणि एकट्या लॅमिव्ह्युडिनला हा विषाणू पाच वर्षांत साधारण सत्तर टक्के रुग्णांमध्ये दाद देईनासा होतो, हे जगभर दिसलेलं आहे. आता टेनोफोव्हिर आल्यामुळे त्या पेशंटचं बहुतेक निभावतं. पण तोपर्यंत त्यांच्यातला बदललेला विषाणू दुसऱ्याकडे गेलाच नसेल, असं कोण सांगणार? अशी लागण झालेल्या नव्या पेशंटला कुणी एन्टेकॅव्हिर हे कावीळ ब चं दुसरं औषध सुरू केलं, तर ते कमी पडतं. शिवाय वर सांगितलं तसं जनुकं एकमेकांवर चढलेली असल्याने औषधाला चुकवणारा बदल कधीकधी विषाणूच्या बाहेरच्या कवचातही फरक करतो, आणि आपली कार्ड टेस्ट, एलायझा, लस हे सगळं त्या कवचावरच बेतलेलं आहे. जनुकप्रकार तपासताना कवचाच्या जनुकाचा जो एस नावाचा तुकडा वाचतात, त्याच वाचनात हेही दिसतं. एका खर्चात दोन उत्तरं.

लसीबद्दल गैरसमज नको, म्हणून स्पष्ट लिहितो. लस उत्तम आहे आणि सगळ्या जनुकप्रकारांवर चालते. कवचातल्या १४५ व्या जागेचा बदल लसीला चुकवू शकतो हे खरं, पण त्यासाठी लस टाळणं म्हणजे शुद्ध वेडेपणा. महाराष्ट्रात नियमित लसीकरणात ही लस २००७-०८ च्या सुमारास आली. म्हणजे आज कॉलेजात जाणारी पहिली लस घेतलेली पिढी आपल्यासमोर आहे. त्यांच्यात कुणी पॉझिटिव्ह निघालं तर तो नमुना सोन्याच्या मोलाचा आहे : जन्मानंतरचा पहिला डोस चुकला होता, की विषाणूच वेगळा आहे? पहिली शक्यताच जास्त. जन्मल्यापासून चोवीस तासांच्या आत डोस पडला नाही आणि आई पॉझिटिव्ह असली, तर बाळाची लागण जन्मभराची होण्याची शक्यता नव्वद टक्क्यांपर्यंत जाते. दवाखान्यातल्या बाळंतपणात तो डोस पडतो. उसाच्या फडाशेजारी कोपीत झालेल्या बाळंतपणात? सिस्टर तिथे पोचेपर्यंत टोळी दुसऱ्या गावाला गेलेली असते.

‘उपचार सगळ्यांना एकच, टेनोफोव्हिर, मग प्रकार जाणून करायचं काय?’ असं मला एका डॉक्टरांनी तोंडावर विचारलं. प्रश्न रास्त आहे. इंटरफेरॉनच्या इंजेक्शनांच्या काळात प्रकाराला महत्त्व होतं, ए ला ते बरं लागू पडायचं, डी ला कमी. आता गोळीच्या काळात एकट्या पेशंटच्या चिठ्ठीत प्रकाराने फारसा फरक पडत नाही. म्हणूनच काही लॅब हजारो रुपये घेऊन पेशंटला जनुकप्रकाराची तपासणी विकतात, त्याला माझा विरोध आहे. त्या पैशांत घरातल्या सगळ्यांची कार्ड टेस्ट आणि लस होते. पण जिल्ह्याची चिठ्ठी वेगळी असते. किती लोकांना ई निगेटिव्ह असूनही औषध लागेल, कुठल्या औषधाला विषाणू सरावलाय, कोणत्या वाटेने तो घरात येतोय, हे ठरवायला प्रकार लागतो.

आणि यासाठी नवी संस्था उभारायची गरज नाही. २८ जुलै २०१८ ला राष्ट्रीय विषाणूजन्य कावीळ नियंत्रण कार्यक्रम सुरू झाला, त्यात तपासणी आणि औषध मोफत आहे, पेशंटची नोंदही होते. करोनाच्या दोन वर्षांत पीसीआरची यंत्रं आली, ती चालवणारी पोरं तयार झाली. त्यांतली किती यंत्रं आज अंगावर कापड घेऊन बसलीत, हे आपणच बघा. नमुना जपायला दरवेळी उणे ऐंशीचा फ्रीजर लागतो असंही नाही. गाळण कागदावर वाळवलेल्या रक्ताच्या थेंबातूनही या विषाणूचा डीएनए मिळतो, आणि असा कागद आटपाडीहून मिरजेला पाकिटातून जाऊ शकतो. जनुकक्रम वाचायला पुणे काही तासांवर आहे. एमडी मायक्रोबायोलॉजीच्या विद्यार्थ्यांना दरवर्षी प्रबंधाला विषय हवाच असतो. ‘अमुक रुग्णालयातील कावीळ ब चे प्रमाण’ या विषयाचे प्रबंध आता पुरेसे झाले. एका विद्यार्थ्याने माण-खटाव घ्यावं, दुसऱ्याने वाळवा-शिराळा, तिसऱ्याने ऊसतोड टोळ्या, आणि तिघांची पद्धत एक असावी, म्हणजे आकडे शेजारी ठेवता येतील.

नमुन्यासोबत चार प्रश्न हवेत : जन्म कुठला, कुठे कुठे राहिलात, आधी रक्त चढवलंय किंवा ऑपरेशन झालंय का, दुसरी कुठली औषधं चालू होती. हे प्रश्न नाजूक आहेत. म्हणून विचारणारा माणूस नीट शिकवलेला हवा आणि कागदावर नावाऐवजी सांकेतिक क्रमांक हवा. एचआयव्हीच्या पेशंटला २०१७ च्या कायद्याने गोपनीयतेचं थोडंफार कवच दिलं, कावीळ ब च्या पेशंटला तसा स्वतंत्र कायदा नाही. पहिल्या खेपेची पोरगी, तपासणीत पॉझिटिव्ह निघाली, सासरी तिचं ताट-वाटी वेगळी झाली आणि सातव्या महिन्याऐवजी चौथ्यातच माहेरी धाडली, हे मी पाहिलंय. ताटातून हा आजार जात नाही, हे सासूला सांगायला कुणी गेलं नव्हतं. नवऱ्याची तपासणी तर मी मागे लागून करवून घेतली.

दुसरी भीती याहून मोठी. सी प्रकार सापडला की उद्या कुणी बातमी करील, ‘परप्रांतीयांनी आणला’. डी चा एखादा उपप्रकार टोळीत जास्त दिसला की कारखान्यावर त्यांना पाणी भरू देणार नाहीत. जनुकक्रमावरून दोन विषाणू किती जवळचे हे कळतं, कुणी कुणाला दिला हे सहसा सिद्ध होत नाही. आणि आमच्याच तालुक्यातली निम्मी माणसं परमुलखात परप्रांतीय म्हणून राहतात, ती रोग घेऊन येतात तशी देऊनही येत असतील. म्हणून निकाल जाहीर करताना तालुका, जात, धंदा यांची नावं मथळ्यात येणार नाहीत, याची जबाबदारी आपल्या नैतिक समित्यांनी घ्यावी. ऊसतोड मजुरांच्या मुकादमाकडून ‘सगळ्यांची संमती’ घेण्याची सोयीची पद्धत तर मुळीच नको. प्रत्येकाला विचारायचं, बाईला वेगळं विचारायचं, आणि नाही म्हणाली तरी तिची तपासणी-औषध त्याच रांगेत मिळालं पाहिजे.

एक अट मात्र मी माझ्यापुरती घालतो. ज्याचं रक्त घ्याल, त्याला उपचाराशी जोडून द्या. घरच्यांची तपासणी, निगेटिव्ह निघतील त्यांना लस, ज्याला गरज आहे त्याला गोळी. नुसता क्रम वाचून जागतिक डेटाबेसमध्ये टाकला, परदेशातल्या मासिकात लेख आला आणि आटपाडीचा माणूस काविळीची माळ गळ्यात घालून बसला, असं होणार असेल तर बादली काय वाईट? निकालाचा सारांश मराठीत, दोन पानांत, प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्रात आणि आमच्यासारख्या लॅबमध्ये पोचावा, हेही त्यातच आलं.

माझ्याकडून काय होईल तेही लिहितो. आपल्यापैकी कुणी संमतीपत्र आणि गाळण कागद पाठवले, तर माझ्याकडे पॉझिटिव्ह निघणाऱ्या प्रत्येकाला मी स्वतः समजावून विचारीन आणि होकार देणाऱ्यांचे नमुने विनाशुल्क मिरजेला पोचवीन. विटा, तासगाव, कवठेमहांकाळ भागातल्या ओळखीच्या लॅबवाल्यांशी बोललो आहे, काहीजण तयार आहेत, काहींना ‘वरून लेखी’ हवंय. ते लेखी आपल्याकडून, शक्यतो उसाचा हंगाम सुरू होण्याआधी, निघावं ही विनंती.

कळावे,
आपला नम्र,
एक प्रयोगशाळा तंत्रज्ञ, विटा